टेकू हवा की चमत्कार?

(बी. ए. भाग ३)

आमच्या आजीने आयुष्यातली चाळीस वर्षे विड्या वळल्या. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगायला नको. भिंतीला पाठ, घातलेली मांडी, मांडीवर सूप, सुपात ओली पाने आणि तंबाखू, हातात कात्री. सकाळचा स्वयंपाक उरकला की आजी मांडी घालून बसे आणि हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत ती मांडी मोडत नसे. त्या मांडीवर आमच्या वडिलांचे शिक्षण झाले, आत्याचे लग्न झाले, घरावर पत्रे चढले. आज त्याच मांडीने संप पुकारला आहे. पहाटे उठताना आजीला एका हाताने खाटेचा पाय धरावा लागतो आणि दुसऱ्याने भिंत. "गुडघ्यात वारं भरलंय बघ," असे म्हणत ती दोन मिनिटे तशीच वाकून उभी राहते आणि मग पहिले पाऊल टाकते.

आमच्या घरात डॉक्टर कोणी नाही, पण औषध सांगणारे मात्र सगळेच. एकाने एरंडाची पाने गरम करून बांधायला सांगितली, दुसऱ्याने आंबट बंद करायला सांगितले, तिसऱ्याने तांब्याचे कडे आणून दिले. शेवटी आत्याच्या शेजारणीने एका औषधवाल्याचे नाव सांगितले. त्याच्या पुडीवर ना घटकांची नावे होती, ना बनवणाऱ्याचा पत्ता. "शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही" एवढेच त्याने तोंडी सांगितले होते. आणि काय आश्चर्य! चौथ्या दिवशी आजी कोणाचाही हात न धरता सिद्धेश्वरांच्या दर्शनाला जाऊन आली. घरात पेढे वाटले गेले. मी स्वतः वर्गातल्या दोन मित्रांना त्या औषधवाल्याचा पत्ता दिला. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झाले त्यातला माझाही वाटा मला लपवायचा नाही.

चार महिन्यांत आजीचा चेहरा गोल झाला. पायांवर सूज आली. पूर्वी कधी नव्हती ती रक्तातली साखर वाढली. पुडी एक दिवस चुकली तर ती अंथरुणातून उठू शकेना. अखेर डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पुडी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "यात बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असावे. पण आता एकदम बंद करू नका, त्यातही धोका असतो. मी सांगतो तसे हळूहळू उतरवू." त्या रात्री घरात दोन तट पडले. वडील म्हणाले, "आयुर्वेद म्हणजे निव्वळ फसवणूक." आत्या म्हणाली, "आयुर्वेदच खरा, तो माणूस खोटा होता." दोघांचेही आवाज चढले. आजी मात्र भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिचे गुडघे पुन्हा दुखू लागले होते, आणि त्या दुखण्याला कोणत्याच तटात जागा नव्हती.

मी वाङ्मयाचा विद्यार्थी आहे. वैद्यकाविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. परंतु ज्याच्या घरात दुखणे आहे त्याला वाचण्याचा आणि विचार करण्याचा अधिकार असतो. त्या अधिकारानेच गेले वर्षभर जे वाचले, विचारले आणि पाहिले ते इथे मांडतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदापाशी देण्यासारखे बरेच काही आहे, पण ते चमत्काराच्या रूपात नाही, टेकूच्या रूपात आहे. आपण मात्र त्याच्याकडे चमत्कारच मागतो. ही मागणी रुग्णाचा घात करते आणि आयुर्वेदाचाही.

प्रथम हा रोग काय आहे ते पाहू. ज्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात आणि आपण 'गुडघ्याची झीज' म्हणतो, त्यात दोन हाडांच्या टोकांवर असलेला गुळगुळीत कूर्चेचा थर विरत जातो. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे कातडीवरची जखम जशी भरून येते तशी ती सहजासहजी भरून येत नाही. हाडांच्या कडांना कंगोरे फुटतात, सांध्याचे आवरण सुजते, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे सांध्यावर आणखी भार पडतो. वय वाढणे, वजन वाढणे, जुनी इजा, घराण्यातील कल ही त्याची कारणे आहेत. पाळी गेल्यानंतरच्या वयातील स्त्रियांत तो पुरुषांहून अधिक आढळतो. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कारण म्हणजे वर्षानुवर्षे उकिडवे बसणे, गुडघे टेकणे आणि जड ओझी उचलणे. चीनमधील बीजिंग शहरातल्या वृद्धांची अमेरिकेतील वृद्धांशी तुलना करणारे संशोधन २००१ साली प्रसिद्ध झाले. बीजिंगच्या स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकन स्त्रियांहून जास्त आढळली, आणि तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवे बसण्याशी या झिजेचा संबंध असल्याचे पुढच्या अभ्यासात दिसले.

परदेशाचे कशाला, आपल्या वाटेवरचेच उदाहरण घ्या. पुण्याला जाताना उजनीच्या फुगवट्याशी भिगवण लागते. एस. टी. तिथे थांबते, आपण चहा पितो आणि पुढे जातो. याच भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याचे सांधेरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने घरोघर पाहणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले गेले. त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायू यांचे कसले ना कसले दुखणे होते, आणि सुमारे ६ टक्क्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. म्हणजे हा बसून खाणाऱ्या शहरी माणसांचा रोग आहे हा समज खोटा ठरला. खुरपणाऱ्या, धुणे धुणाऱ्या, हंडे वाहणाऱ्या गावाचाही तो रोग आहे. आणि आमच्यासारख्या, विड्या वळणाऱ्या नि मागावर राबणाऱ्या शहराचा तो नसेल असे कोण म्हणेल? आपण मात्र त्याला 'वय झाले' एवढे दोन शब्द देतो आणि मोकळे होतो.

आता आयुर्वेद काय म्हणतो ते पाहू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा जो अध्याय आहे त्यात संधिगत वाताचे वर्णन येते. सांध्यावर हात ठेवला तर हवेने भरलेल्या कातडी पिशवीसारखा स्पर्श लागतो, आणि पाय पसरताना व आखडताना वेदना होते, अशा आशयाचे ते वर्णन आहे. ते वाचले तेव्हा मी क्षणभर थबकलो. "गुडघ्यात वारं भरलंय" असे म्हणणाऱ्या माझ्या आजीने चरकाचे नावही ऐकलेले नाही. शास्त्रातली उपमा शतकानुशतके लोकांच्या बोलण्यात मुरली, की लोकांच्या बोलण्यातून ती शास्त्रात गेली, हा प्रश्न मी आपल्या मराठीच्या प्राध्यापकांवर सोपवतो.

परंतु या वर्णनाइतकीच महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सांध्यांचे प्रत्येक दुखणे एकच, असे आयुर्वेद मानत नाही. माधवनिदान या ग्रंथाने 'आमवात' नावाचा वेगळा रोग सांगितला. त्यात अंगात जडपणा, ज्वर, भूक मंदावणे आणि एकाहून अधिक सांध्यांना सूज अशी लक्षणे येतात. आजच्या भाषेत ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याच्याशी अनेक वैद्य त्याची तुलना करतात. झिजेच्या दुखण्यात तेलाने मर्दन करावे, तर आमवाताच्या साम अवस्थेत तेल टाळून वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक द्यावा, असा भेद वैद्य सांगतात. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे अपथ्य! आमच्या गल्लीतल्या एका तिशीच्या वहिनींची बोटे रोज सकाळी तासभर आखडत. घरच्यांनी वर्षभर तेल चोळले. निदान झाले तेव्हा ते आमवाताच्या जातीचे निघाले, आणि तोवर दोन बोटे वाकडी झाली होती. म्हणजे 'सांधेदुखीवर रामबाण' असे सरसकट सांगणारा माणूस आधुनिक वैद्यकाशी नंतर, आधी आयुर्वेदाशीच बेइमानी करत असतो.

दुसरी गोष्ट साध्यासाध्यतेची. आपल्या वैद्यकाने रोगांचे साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केले आहेत. त्यांतला 'याप्य' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. जो समूळ जात नाही, पण योग्य उपचार चालू असेतो आवाक्यात राहतो, तो याप्य. सुश्रुताने त्याला दृष्टांत दिला आहे तो पडायला आलेल्या घराचा. नीट लावलेल्या टेकूने जसे ते घर उभे राहते तसा उपचाराने याप्य रोगाचा रोगी सावरतो. टेकू लावला म्हणजे घर नवे होत नाही. परंतु टेकू काढला तर ते पडते, हेही तितकेच खरे. उतारवयातल्या, जुन्या झालेल्या गुडघ्याच्या झिजेला याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही. आजचे कोणतेही वैद्यक, मग ते देशी असो वा विदेशी, झिजलेली कूर्चा औषधाने पूर्ववत करून देऊ शकत नाही. मग जे प्राचीन वैद्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले, ते आजचा जाहिरातदार का नाकारतो? त्याला टेकू विकायचा नसतो, त्याला चमत्कार विकायचा असतो.

टेकू कोणता, हेही पाहू. वैद्य सांगतात ते उपचार असे: महानारायण तेलासारख्या सिद्ध तेलाचे स्नेहन, निर्गुंडीच्या पाल्याचा किंवा दशमुळाच्या काढ्याचा शेक, उडदाच्या पिठाचे कडे गुडघ्याभोवती बसवून त्यात कोमट तेल धरण्याची जानुबस्ती, पोटातून गुग्गुळ, शल्लकी, अश्वगंधा, सुंठ यांचे कल्प आणि त्याबरोबर आहारविहाराची शिस्त. यातली एकही गोष्ट तीन दिवसांत जादू करणारी नाही. सहा-आठ आठवडे नेटाने केल्यावर वेदना कमी होते आणि हालचाल सुधारते. तीन दिवसांत चालायला लावणारे औषध जर 'आयुर्वेदिक' म्हणून पुढे आले, तर आनंदाने पेढे वाटण्यापूर्वी संशयाने पुडी उघडून पाहावी, हे मी आजीच्या सुजलेल्या पायांकडून शिकलो.

यावर कोणी विचारील, "हे सगळे ग्रंथांतले झाले, प्रत्यक्ष कसोटीला उतरते का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि आपल्या महाराष्ट्राने तो विचारला आहे. डॉ. चोप्रा आणि डॉ. भूषण पटवर्धन यांनी अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांच्या मिश्रणाची ९० रुग्णांवर ३२ आठवडे चाचणी घेतली. काहींना खरे औषध दिले, काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले. २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खऱ्या औषधाच्या गटात गुडघेदुखी अधिक कमी झाली होती. पुढची चाचणी याहून मोठी होती. तिचे निष्कर्ष २०१३ साली इंग्लंडहून निघणाऱ्या सांधेरोगविषयक नियतकालिकात आले. ४४० रुग्णांचे चार गट, चोवीस आठवडे. दोन गटांना गुळवेल, सुंठ, आवळा, शल्लकी अशा वनस्पतींचे कल्प, त्यांतल्या एकात शिवाय गुग्गुळ. तिसऱ्याला ग्लुकोसामीन आणि चौथ्याला सेलेकॉक्सिब हे प्रचलित वेदनाशामक. कोणाला काय दिले जात आहे ते रुग्णालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. वेदना आणि हालचाल यांत आयुर्वेदाचे कल्प त्या दोन्ही औषधांच्या तोडीस तोड ठरले. जर्मनीत बर्लिनलाही १५१ रुग्णांना घेऊन संपूर्ण आयुर्वेदिक उपचारपद्धतीची नेहमीच्या उपचारांशी तुलना झाली, आणि २०१८ साली आलेला निष्कर्ष आयुर्वेदाच्या बाजूने होता.

हे वाचून कोणाही भारतीयाची मान उंच होईल. माझीही झाली. पण याच संशोधनातला दुसरा भाग आपण वाचत नाही. २०१३ च्या चाचणीत आयुर्वेदिक कल्प घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एक घटक वाढलेला आढळला. त्यांना त्रास काही जाणवला नव्हता, आणि औषध थांबवल्यावर तो पूर्ववत झाला. तपासणी झाली म्हणून तो सापडला. नसती झाली तर? बर्लिनच्या चाचणीत आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्णांना माहीत होते, आणि मर्दन करणाऱ्या हातांचा दिलासाही त्या गुणात मिसळलेला असणार. आणि यांपैकी कोणत्याही चाचणीने कूर्चा नव्याने उगवली असे सिद्ध केलेले नाही. शिवाय २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवरून मागवलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एकपंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. तेव्हा 'साइड इफेक्ट नाही' हे वाक्य आपण आता कायमचे सोडून द्यावे. ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येऊ शकतो. चुकीच्या हाती उत्तम औषधही विषासारखे होते, हे चरकानेच सांगून ठेवले आहे.

येथे दोन आक्षेप मला दिसतात. पहिला अभिमान्यांचा: "आमच्या ऋषींच्या शास्त्राला परक्यांच्या कसोट्या कशाला?" त्यांना मी विचारतो, कसोटी परकी कधीपासून झाली? आप्तवाक्य, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी परीक्षेची चार साधने चरकसंहितेनेच सांगितली आहेत. वैद्यांनी एकमेकांशी वाद कसा करावा, यावर तिच्या विमानस्थानात सविस्तर विवेचन आहे. ज्यांनी वादाला शास्त्रात स्थान दिले त्यांच्या नावाने वाद बंद करणे हा कुठला अभिमान? दुसरा आक्षेप माझ्या वडिलांसारख्यांचा: "सगळे थोतांड आहे, गोळी घ्या आणि मोकळे व्हा." पण ती गोळीही काही निरुपद्रवी नाही. मेडिकल दुकानातून चिठ्ठीवाचून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. राहता राहिली शस्त्रक्रिया. केंद्र सरकारने २०१७ साली कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सर्वसाधारण प्रकारच्या सांध्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपयांवर आणली, हे स्वागतार्हच आहे. पण सांध्याची किंमत म्हणजे शस्त्रक्रियेचा सगळा खर्च नव्हे, आणि प्रत्येक गुडघ्याला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. गोळी आणि शस्त्रक्रिया यांच्या मधली जी दहा-पंधरा वर्षे असतात, ती माणसाने कशी काढावी? त्या मधल्या वर्षांतच टेकूची जागा आहे.

त्या टेकूचे काही वासे तर औषधाचेही नाहीत, आणि त्यांबद्दल वैद्य व डॉक्टर यांच्यात मतभेदही नाही. वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे अभ्यासांत आढळले आहे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा या रोगातला सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपचार मानला जातो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि हळूच खाली आणायचा. याला पैसा लागत नाही. मग हे घडत का नाही?

मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या चर्चांत कधीच येत नाही. पथ्य सांगणे सोपे आहे. ते पाळायला फुरसत लागते. "मांडी घालून बसू नका" असे ज्या बाईला सांगायचे, तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. जिला "विश्रांती घ्या" म्हणायचे, तिच्या नळाला वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी येत आले आणि आले की सगळे घर हंडे-कळशा घेऊन धावत आले. जिला "रोज कोमट तेलाने अर्धा तास चोळा" म्हणायचे, तिला अर्धा तास कोण देणार आणि चोळणार कोण? सहा आठवड्यांचा टेकू ज्याला परवडत नाही तो तीन दिवसांच्या चमत्काराकडे वळतो. त्यात त्याच्या अडाणीपणापेक्षा नाइलाज अधिक असतो. आजीने ती पुडी का घेतली? तिला दुसऱ्या दिवशी कामाला बसायचे होते म्हणून. एवढे साधे उत्तर समजायला मला वर्ष लागले, ही गोष्ट आता मला शरमेची वाटते.

तेव्हा माझ्या काही सूचना आहेत, आणि त्या मोठ्या योजनांच्या नाहीत. आपल्या शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयही आहे. या दोहोंतील जाणत्यांनी एकत्र बसून विडी कामगार वसाहतींत महिन्यातून एक दिवस गुडघ्यांची तपासणी केली तर? निदान एकाने करावे, टेकू दोघांनी मिळून लावावा, आणि रक्ताची तपासणी व्हावी. कुंभारीला २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. घर मिळाले, आता त्या घरात उंच बैठकीवर बसून विड्या वळता येतील अशी साधी सोय का होऊ नये? मांडीऐवजी पुढ्यातल्या स्टुलावर सूप ठेवता येते. संडासात खुर्ची ठेवता येते. स्वयंपाकाला ओटा करता येतो.

आणि आपण विद्यार्थी? आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी भरते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, पथनाट्ये करतो. एक वर्ष आपण फक्त वस्तीतल्या आजींना तो खुर्चीवरचा व्यायाम शिकवू या. त्यांच्या पुड्या आणि बाटल्या हातात घेऊन त्यावर घटकांची नावे, परवान्याचा क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे की नाही एवढे वाचून दाखवू या. नसेल तर ते औषध घेऊ नका, आणि आधीपासून चालू असेल तर परस्पर बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा, असे सांगू या. ज्या रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केली आहे, त्यांच्या यादीत संधिवाताचेही नाव आहे. कायदा आहे, तो वाचून दाखवणारा कोणी नाही. कला शाखेच्या मुलांना दुसरे काही येवो न येवो, वाचता तर येते!

मी ज्या दोन मित्रांना पत्ता दिला होता त्यांच्या घरी जाऊन मी सगळी हकिकत सांगितली. एकाच्या आईने औषध सुरू केलेच नव्हते. दुसऱ्याच्या आजोबांनी केले होते. त्यांना मी स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तो जिना चढताना माझेच गुडघे थरथरत होते.

आजीचे काय झाले, असे वाचक विचारतील. डॉक्टरांनी त्या पुडीतून तिला दोन-अडीच महिन्यांत सोडवले. साखरेच्या गोळ्या मात्र मागे राहिल्या. त्यानंतर त्यांच्याच संमतीने आम्ही एका वृद्ध वैद्यांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहण्याआधी साखरेचे कागद मागितले, चालू असलेल्या गोळ्यांची नावे लिहून घेतली आणि मगच औषध दिले. आत्याने विचारले, "कधीपर्यंत बरं होईल?" ते म्हणाले, "बरं होणार नाही. बरं वाटेल." आत्याचा चेहरा उतरला. मला मात्र वर्षभरात भेटलेला तो सर्वांत प्रामाणिक माणूस वाटला.

आता सहा महिने झाले. आठवड्यातून तीनदा मी आजीच्या गुडघ्यांना तेल लावतो आणि शेकतो. ते करताना पहिल्यांदाच तिच्याशी निवांत बोलणे होते. ती खुर्चीवर बसून पाय उचलते आणि दहापर्यंत मोजते, सातनंतर थोडी लबाडी करते. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत जाऊन येते. सिद्धेश्वरांपर्यंत अजून जाता येत नाही. यंदा गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक तिने रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसून पाहिली. परवा मी विचारले, "आजी, वारं गेलं का गं गुडघ्यातलं?"

"जातंय कुठं ते," आजी म्हणाली, "पण आता त्याला विचारून उठते मी."